ताणाची संप्रेरके आणि आत्महत्येचा विचार: शरीरात नेमके काय घडते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी ७ लाख २० हजारांहून अधिक माणसांचा मृत्यू आत्महत्येमुळे होतो. १५ ते २९ वर्षे या वयोगटात तर मृत्यूच्या कारणांमध्ये आत्महत्येचा क्रमांक तिसरा लागतो. असा मृत्यू झाला की मागे राहिलेली माणसे कारण शोधू लागतात आणि कर्ज, अपयश, तुटलेले नाते किंवा दीर्घ आजार असे काहीतरी सापडतेही. ही कारणे खोटी नसतात. मात्र तेवढेच कर्ज आणि तसाच आजार असंख्य माणसे सोसतात व जगत राहतात, त्यामुळे केवळ बाहेरच्या घटनेकडे बोट दाखवून या प्रश्नाचे उत्तर पूर्ण होत नाही. उत्तराचा एक भाग शरीरातील ताणाच्या यंत्रणेत आहे. तो समजून घेणे मला अत्यावश्यक वाटते, कारण तो माहीत नसल्यामुळेच गेलेल्या माणसाला भित्रा किंवा स्वार्थी ठरवले जाते, आणि हे दोन्ही शब्द जितके क्रूर आहेत तितकेच चुकीचेही आहेत.

संकट जाणवताच शरीराचा प्रतिसाद दोन टप्प्यांत येतो. पहिला टप्पा काही सेकंदांत सुरू होतो. मज्जातंतूंकडून इशारा मिळताच मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात सोडले जाते, छाती धडधडते, श्वास वाढतो आणि स्नायूंकडे रक्ताचा ओघ वाढतो. दुसरा टप्पा सावकाश येतो आणि बराच वेळ टिकतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच नावाचे संप्रेरक स्रवते, ते लगतच्या पिट्युटरी ग्रंथीला चेतवते, पिट्युटरी एसीटीएच हे दुसरे संप्रेरक रक्तात सोडते, आणि ते अधिवृक्क ग्रंथींच्या बाहेरच्या थरापर्यंत पोहोचले की तेथे कॉर्टिसॉल तयार होऊ लागते. ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी रक्तातील कॉर्टिसॉल शिगेला पोहोचते. या साखळीचे पहिले संप्रेरक, म्हणजे सीआरएच, ४१ अमिनो आम्लांचे बनलेले असून त्याची रचना वायली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये उलगडली.

या साखळीचे खरे वैशिष्ट्य ती सुरू कशी होते यापेक्षा ती थांबते कशी यात आहे. पाण्याच्या टाकीत तरंगणारा गोळा असतो. पाणी चढले की तो वर उचलला जातो आणि येणारे पाणी आपोआप बंद होते. कॉर्टिसॉलची व्यवस्थाही अशीच आहे. रक्तातील कॉर्टिसॉल मेंदूत शिरते, हायपोथॅलॅमस, पिट्युटरी आणि हिप्पोकॅम्पस येथील पेशींमधल्या ग्राही प्रथिनांना चिकटते, आणि त्या पेशी ‘आता पुरे’ असा निरोप देऊन वरचा स्राव कमी करतात. आठवणींचे केंद्र असलेला हिप्पोकॅम्पस या कामात गुंतलेला आहे हे कळण्याची सुरुवात १९६८ मध्ये झाली. त्या वर्षी ब्रूस मॅक्युएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगातून दाखवून दिले की रक्तातून आलेले याच प्रकारचे ताणाचे संप्रेरक हिप्पोकॅम्पसच्या पेशी मोठ्या प्रमाणात धरून ठेवतात. ताणाचे संप्रेरक थेट स्मृतीच्या केंद्रात काम करते, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

कॉर्टिसॉलला हल्ली सरसकट खलनायक ठरवले जाते, ते योग्य नाही. रक्तातील साखर टिकवणे, रक्तदाब सांभाळणे, दाह आटोक्यात ठेवणे ही त्याची रोजची कामे आहेत, आणि ते तयारच झाले नाही तर जीव धोक्यात येतो. निरोगी माणसातही त्याची पातळी दिवसभर बदलत असते. पहाटेपासून ती चढू लागते, जाग आल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी वाढते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली जाते. त्यामुळे कॉर्टिसॉल जास्त की कमी, एवढ्याच प्रश्नाला फारसा अर्थ नाही. गरज पडल्यावर ते वाढते का, गरज संपल्यावर उतरते का, आणि दिवसाची लय टिकून आहे का, हे पाहावे लागते.

आत्महत्येशी या यंत्रणेचा संबंध असू शकतो, हा विचार १९६५ मध्ये पुढे आला. विल्यम बनी आणि जॅन फॉसेट हे संशोधक नैराश्याच्या रुग्णांच्या लघवीतील कॉर्टिसॉलजन्य पदार्थ मोजत असताना आत्महत्येमुळे दगावलेल्या तीन रुग्णांमध्ये ही पातळी मृत्यूपूर्वी बरीच वाढलेली आढळली. रुग्ण अवघे तीन होते, त्यामुळे त्यातून निष्कर्ष निघत नव्हता. पण प्रश्न मात्र उभा राहिला.

पुढे त्याच्या तपासासाठी एक सोपी चाचणी हाती आली. रुग्णाला रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी देतात. हे औषध म्हणजे कॉर्टिसॉलसारखे काम करणारा कृत्रिम पदार्थ आहे. ते रक्तात आले की पिट्युटरीला वाटते, संप्रेरक पुरेसे आहे, आणि ती आपला स्राव आवरते. दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजता रक्त घेऊन कॉर्टिसॉल मोजले तर ते निरोगी माणसात अगदी कमी भरते. काही रुग्णांमध्ये मात्र गोळी घेऊनही ते चढलेलेच राहते, म्हणजे निरोप पोहोचला तरी तो मानला जात नाही. बर्नार्ड कॅरल यांनी १९८१ मध्ये तीव्र नैराश्यासाठी या चाचणीची पद्धत मांडली. विल्यम कोरिएल आणि मायकेल श्लेसर यांनी नैराश्यामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या ७८ जणांचा १५ वर्षे मागोवा घेतला आणि २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: ज्यांची ही चाचणी बिघडलेली होती त्यांच्यात आत्महत्येने मृत्यू होण्याचा अंदाजित धोका २६.८ टक्के होता, तर चाचणी सामान्य असलेल्यांत तो २.९ टक्के होता.

हे आकडे पाहून कोणालाही वाटेल की मग प्रत्येकाची ही चाचणी करून धोका ओळखावा. तसे करता येत नाही, आणि त्याचे कारण त्या आकड्यांतच दडलेले आहे. चाचणी बिघडलेल्या दर चारांपैकी जवळजवळ तिघांचा मृत्यू आत्महत्येने झाला नाही, आणि हा अभ्यास मुळात गंभीर आजारामुळे दाखल झालेल्या मोजक्या लोकांचा होता. सर्वसामान्य लोकांत हीच चाचणी वापरली तर शेकडो माणसांना विनाकारण धोक्याचा शिक्का बसेल आणि खरोखर संकटात असलेली काही माणसे सुटून जातील. माणूस आत्महत्या करील की नाही हे सांगणारी रक्ताची, लाळेची किंवा मेंदूच्या छायाचित्राची कोणतीही चाचणी आज उपलब्ध नाही. कोणी तशी विकत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नये.

मृत्यूनंतरच्या तपासण्यांनीही याच दिशेने बोट दाखवले. १९८८ मध्ये चार्ल्स नेमेरॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आत्महत्येने मृत्यू झालेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात सीआरएच धरणाऱ्या ग्राहींची संख्या इतरांपेक्षा कमी आढळली. एखादे संप्रेरक दीर्घकाळ जास्त प्रमाणात येत राहिले की पेशी त्याचे ग्राही कमी करतात, म्हणून याचा अर्थ असा लावला गेला की या माणसांच्या मेंदूत सीआरएचचा मारा बराच काळ चालला असावा. अशा व्यक्तींच्या अधिवृक्क ग्रंथी सरासरीपेक्षा वजनदार भरल्याचेही काही अभ्यासांत दिसले. ज्या ग्रंथीला सतत कामाला जुंपले जाते ती वाढते. तो त्या माणसाने सोसलेल्या ताणाचा शरीरात उरलेला पुरावाच म्हणायला हवा.

इथवर चित्र सरळ वाटते: ताण जास्त, कॉर्टिसॉल जास्त, धोका जास्त. पुढच्या संशोधनाने ते उलटेपालटे केले, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. डॅरिल ओ’कॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा कॉर्टिसॉलची पातळी आणि आत्महत्येचे वर्तन यांच्यात सरसकट संबंध आढळला नाही. वयाप्रमाणे अभ्यास वेगळे केले तेव्हा मात्र संबंध दिसू लागला, आणि तो दोन विरुद्ध दिशांना होता. ज्या अभ्यासांतील व्यक्तींचे सरासरी वय चाळिशीच्या आत होते तेथे आत्महत्येच्या वर्तनाबरोबर कॉर्टिसॉल जास्त होते. वय चाळीस किंवा त्याहून अधिक होते तेथे ते कमी होते.

याच गटाने पुढच्या वर्षी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागी व्यक्तीला २ अंश सेल्सिअस इतक्या थंड पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगतात. मध्येच हात काढून २०४३ या संख्येतून १७ वजा करत मोठ्याने उलटे मोजायला लावतात. चुकले की पुन्हा पहिल्यापासून, आणि समोर कॅमेरा चालू असतो. ही कसरत दहा मिनिटे चालते. त्यानंतर ठरावीक वेळाने लाळेचे नमुने घेऊन कॉर्टिसॉल मोजतात. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तींमध्ये या प्रसंगी कॉर्टिसॉल सर्वांत कमी वाढले. ज्यांच्या मनात केवळ विचार येऊन गेले होते ती माणसे मध्ये होती, आणि ज्यांना तसे विचार कधीच आले नव्हते त्यांचा प्रतिसाद सर्वांत ठळक होता. त्याआधी २०१० मध्ये अलेक्झांडर मॅकगिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आत्महत्येने दगावलेल्यांच्या जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांमध्येही ताणाला असाच मंदावलेला प्रतिसाद आढळला होता, म्हणजे यात काही भाग कुटुंबातून आलेला असू शकतो.

या विरोधाचा अनेक संशोधक असा अर्थ लावतात की दीर्घकाळ चढलेली यंत्रणा शेवटी थकते. वर्षानुवर्षे कॉर्टिसॉल वाढत राहिले की शरीर बचाव म्हणून सगळी साखळीच मंद करते, आणि मग संकट समोर उभे राहिल्यावर त्याला तोंड द्यायला लागणारी ऊर्जा व सावधपणा वेळेवर मिळत नाही. हे स्पष्टीकरण पटण्यासारखे असले तरी अजून ते गृहीतकच आहे. एवढे मात्र निश्चित की बिघाड पातळीत कमी आणि नियंत्रणात जास्त असतो. टाकी भरून वाहू लागली काय किंवा कोरडी पडली काय, दोष त्या गोळ्याचाच असू शकतो.

हे नियंत्रण बिघडते कधी? याचे एक उत्तर बालपणाकडे नेते. २००४ मध्ये मॉन्ट्रियलमधील मायकेल मीनी आणि मोशे स्झिफ यांच्या गटाने उंदरांवरील काम प्रसिद्ध केले. ज्या पिल्लांना आईने पहिल्या आठवड्यात भरपूर चाटले-गोंजारले, त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये कॉर्टिसॉलचे ग्राही बनवणारे जनुक मोकळे राहिले. ज्यांच्या वाट्याला ही माया कमी आली, त्यांच्यात त्या जनुकावर मिथाइल नावाचे रासायनिक गट अधिक चिकटले आणि ग्राही कमी बनले. जनुकाचा मजकूर तोच राहिला, पण तो वाचला जाण्याचे प्रमाण बदलले. २००९ मध्ये पॅट्रिक मॅकगोवन आणि याच गटातील संशोधकांनी मानवी मेंदूंची तपासणी केली. ज्यांचा मृत्यू आत्महत्येने झाला होता आणि ज्यांनी लहानपणी अत्याचार सोसले होते, त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये याच जनुकावर तसेच बदल सापडले. ज्यांचा मृत्यू आत्महत्येनेच झाला पण बालपणी अत्याचार झाले नव्हते, त्यांच्यात ते आढळले नाहीत. म्हणजे या खुणा आत्महत्येच्या म्हणता येणार नाहीत. त्या अत्याचाराच्या आहेत. एखाद्या सहा वर्षांच्या मुलाने सोसलेली मारहाण अनेक दशकांनंतर पेशींच्या गाभ्यात मोजता येते, ही गोष्ट मुलांशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो त्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी असे मला मनापासून वाटते.

आणखी एक जनुक याच वाटेवर भेटते. एफकेबीपी५ नावाचे प्रथिन कॉर्टिसॉलच्या ग्राहीला जरा बधिर करते. ते बनवणाऱ्या जनुकाचे काही प्रकार असलेल्या व्यक्तींमध्ये बालपणी आघात झाले असतील तर मोठेपणी आघातोत्तर ताणाची लक्षणे अधिक दिसतात, हे एलिझाबेथ बाइंडर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले; पुढे आत्महत्येच्या प्रयत्नांबाबतही असाच मेळ काही अभ्यासांत आढळला. यात एकट्या जनुकाने विशेष काही घडत नाही, त्याला आघाताची जोड मिळावी लागते. जे. जॉन मान यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या प्रारूपाचा गाभाही हाच आहे: आधीपासून असलेली असुरक्षितता आणि त्या वेळचा ताण ही दोन्ही एकत्र आली म्हणजे धोका वाढतो. या असुरक्षिततेत सेरोटोनिन या मेंदूतील निरोप वाहणाऱ्या रसायनाचाही वाटा असतो. मारी ओसबर्ग यांनी १९७६ मध्येच दाखवले होते की नैराश्याच्या ज्या रुग्णांच्या मेंदू-मज्जारज्जूतील द्रवात सेरोटोनिनपासून बनणारा पदार्थ कमी असतो, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न जास्त होतात.

आता त्या प्रत्यक्ष घडीकडे पाहू. तीव्र ताणात मेंदूचा कपाळामागचा भाग, जो पर्याय तोलतो आणि आवेगाला आवर घालतो, मंदावतो आणि भीती व धोका टिपणारा अमिग्डला वरचढ होतो. कॉर्टिसॉल वाढले असताना जुन्या आठवणी मनात परत आणणे अवघड जाते, हेही प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी १९८६ मध्ये नुकताच आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तींना काही शब्द देऊन त्यांवरून आयुष्यातला एखादा नेमका प्रसंग सांगायला सांगितले. त्यांना असा नेमका प्रसंग सांगणे इतरांपेक्षा अवघड गेले. ‘मी नेहमी चुकतो’ किंवा ‘सुट्टीत बरे वाटायचे’ अशा ढोबळ वाक्यांवर त्या अनेकदा थांबत, म्हणजे एक विशिष्ट दिवस, एक विशिष्ट माणूस, त्या वेळी सुचलेला एक विशिष्ट मार्ग त्यांच्या हाती लागत नसे. आणि पूर्वी आपण संकटातून कसे बाहेर पडलो हेच आठवत नसेल तर आताही मार्ग निघेल हे सुचणार कोठून? ‘तिने आमचा विचार कसा केला नाही?’ असा प्रश्न ज्यांना आयुष्यभर छळतो त्यांना हे सांगायला हवे की त्या घडीला विचार करणारी यंत्रणाच अडलेली असते. प्रेम कमी पडले, असा त्याचा अर्थ होत नाही.

रात्रीचा उल्लेख येथे करायलाच हवा. मध्यरात्री कॉर्टिसॉल उतरलेले असायला हवे, पण झोपेचे खोबरे झाले की संध्याकाळची व रात्रीची पातळी चढू लागते, त्यामुळे झोप आणखी उडते आणि दुसऱ्या दिवशी आवेगावरचा ताबा आणखी सैल होतो. निद्रानाश हा आत्महत्येच्या धोक्याचा स्वतंत्र इशारा मानला जातो, तरीही डॉक्टरांना सांगताना लोक ही तक्रार शेवटी आणि ओझरती सांगतात.

औषध म्हणून घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडबद्दलही सांगणे गरजेचे आहे. प्रेडनिसोलोनसारखी औषधे कॉर्टिसॉलचीच भावंडे आहेत आणि दमा, सांधेदुखी किंवा प्रतिकारयंत्रणेचे आजार यांत ती जीव वाचवतात. मोठ्या मात्रेत मात्र काही जणांना त्यांमुळे अतिउत्साह, चिडचिड, तीव्र उदासी किंवा आत्महत्येचे विचार येऊ शकतात. प्रेडनिसोन या तशाच औषधावरील १९७२ च्या एका मोठ्या पाहणीत दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत मानसिक परिणाम १.३ टक्के रुग्णांत, तर ८० मिलिग्रॅमच्या वर १८.४ टक्के रुग्णांत दिसले. असे काही जाणवले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे आणि औषध स्वतःहून एकदम बंद करू नये, कारण बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना अधिवृक्क ग्रंथी झोपी गेलेल्या असतात आणि अचानक बंद केल्यास शरीराला कॉर्टिसॉलच मिळत नाही.

उपचारांच्या बाजूने पाहिले तर सीआरएचचा ग्राही रोखणाऱ्या औषधांकडून फार आशा होती, पण नैराश्यावरील चाचण्यांत ती फारशी उपयोगी ठरली नाहीत. नैराश्य, द्विध्रुवी विकार, व्यसन यांवरचे नेहमीचे उपचार आणि आत्महत्येच्या विचारांवर थेट काम करणारी मानसोपचार पद्धती हेच आजही मुख्य मार्ग आहेत. क्लोझापिन हे औषध स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये आत्महत्येचे वर्तन कमी करते हे चांगल्या चाचणीतून दिसले आहे.

ताणाची लाट शरीरात कायम त्याच उंचीवर राहू शकत नाही; ती ओसरते. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या दर दहांपैकी साधारण नऊ जणांचा मृत्यू पुढे आत्महत्येने होत नाही. म्हणून तीव्र घडीत त्या माणसाला एकटे न ठेवणे, ज्या कशाने इजा होऊ शकते ते त्याच्या आवाक्याबाहेर नेणे आणि वेळ जाऊ देणे, याला जैविक अर्थ आहे. सुरक्षा योजना याच पायावर उभी असते: माणूस शांत असताना, समुपदेशकाबरोबर बसून, धोक्याची चिन्हे कोणती, काय केले की मन दुसरीकडे वळते, कोणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून ठेवतात, कारण ऐन वेळी त्याला ते आठवणार नाही.

जेरोम मोटो यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९६९ पासून काही वर्षे याहून साधा प्रयोग केला. नैराश्य किंवा आत्महत्येच्या संकटामुळे दाखल होऊन गेलेल्या, पण पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांपैकी निम्म्यांना त्यांनी पाच वर्षांत २४ छोटी पत्रे पाठवण्याची व्यवस्था केली. पत्रात कोणताही सल्ला नसे. तुमचे बरे चालले असेल अशी आशा आहे आणि वाटले तर कळवा, एवढाच मजकूर असे. पत्रे मिळालेल्या गटात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्येचे मृत्यू कमी झाले.

एखाद्याबद्दल शंका आली तर ‘तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, हे अनेक अभ्यासांनी तपासलेले आहे. उलट बोलायला मोकळीक मिळते. उत्तर ‘हो’ आले तर वाद घालू नये, उपदेश करू नये, जवळ थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ किंवा आपल्या भागातील आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइन यांच्याशी त्याच्यासोबत संपर्क साधावा. जीव तत्काळ धोक्यात असेल तर आपत्कालीन सेवा बोलवावी. आणि हे वाचताना असे विचार तुमच्याच मनात असतील तर ते आजच कोणा एका माणसाला मोठ्याने सांगा, शब्द नीट जुळले नाहीत तरी चालेल.